काझीसाठी पोळी

"आई, नेसी पेटी बांधतीय!"

वेणू दारातूनच ओरडली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, वेणी सुटलेली. मी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होते.

"कसली पेटी?"

"पत्र्याची! म्वालिमू तिला दोरी देतायत. तेपण चाललेत. रविवारच्या बसनं. दोघंही!"

सूप हातातून सुटलं. तांदूळ अंगणभर झाला, कोंबड्यांचा सण झाला, आणि मी पदर खोचून उसातल्या वाटेनं धावत सुटले.

आता वेणूची लेक वेणूच्या तेव्हाच्या वयाची आहे, पण ती लाल मातीची वाट अजून माझ्या तळपायांना पाठ आहे. टांझानियातला मुलूख. आमचे हे शिरोळकडच्या कारखान्यातून तिकडच्या साखर कारखान्यात पॅनवर गेलेले, म्हणजे रस उकळून साखर धरायच्या कामावर. त्यांच्या मागोमाग मी, आणि माझ्या मागं लोंबकळत वेणू. कारखान्याच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर म्कुयुनी नावाचं गाव. म्कुयू म्हणजे तिकडचा उंबर. म्हणजे नाव फोडलं तर आपलं उंबरगावच निघालं. मला इतका आनंद झाला होता त्या दिवशी, की मी झाडाला जाऊन हात लावून आले होते.

त्या उंबराखाली शाळा. सरकारची नव्हे, गावानं आपल्या हातांनी बांधलेली. शिकवायला म्वालिमू झकारिया. म्वालिमू म्हणजे गुरुजी. शाळेच्या टोकाच्या खोलीत दवाखाना, आणि तिथं नेसी नीमा. नर्सला तिकडं नेसी म्हणतात. दोघंही लांबच्या मुलखातले, सरोवराकडचे. त्यांचा पगार गावानं वर्गणी काढून द्यायचा. आदल्या साली पुरानं ऊस लोळवला, तेव्हापासून वर्गणी आटली. पोरं मात्र आटली नाहीत. शाळा भरायची, ताप उतरायचे, आणि हे दोघं दिवसेंदिवस बारीक व्हायचे.

मी पोचले तेव्हा नीमा पेटीवर गुडघा देऊन दोरीची गाठ आवळत होती.

"नेसी, हे काय?"

"करिबू, मामा वेणू." ती हसली. करिबू म्हणजे या, बसा. त्या गावात बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारतात आणि आईला 'मामा' म्हणतात. माझ्या भावाला पत्रातून हे कळवलं तेव्हा त्यानं उलट विचारलं होतं, मग मला तिकडं आत्या म्हणणार काय?

"करिबू राहू दे. निघालीस का?"

"रोज पोरांना सांगते, गोळी जेवल्यावर घ्या," नीमा म्हणाली. "काल तळ्याकाठच्या सलमाच्या धाकटीनं विचारलं, नेसी, तू कधी जेवतेस? मला उत्तर आलं नाही. शहरातल्या दवाखान्यात जागा आहे. तिथं निदान उत्तर तरी येईल."

म्वालिमू खिडकीपाशी उभे होते. उंच, वाळक्या शेंगेसारखे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं.

"मी पण पळपुटा निघालो," ते म्हणाले. "काल फळ्यावर 'भाकरी' शब्द लिहिला आणि स्वतःच बघत उभा राहिलो. पोरं हसायला लागली. मी समजलो, झकारिया, तुझा धडा संपला."

तिथं कुणी रडलं नाही. ती माणसं रडणाऱ्यातली नव्हतीच. पण वेणूनं माझा पदर धरला आणि तिचा हात गरम लागला. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडी तिला मलेरिया झाला होता, आणि हीच नीमा तिच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत राहिली होती. ते फडकं मला दिसायला लागलं.

मी म्हटलं, "रविवारपर्यंत तरी आहात ना?"

"बस रविवारीच येते," म्वालिमू म्हणाले. "उडता आलं असतं तर आजच गेलो असतो."

---

दुपारी हे जेवायला आले, तर मी चुलीपुढं फेऱ्या मारत होते.

"काय गं, मुंग्या चावल्या का?"

"अहो, मामंजी कोल्हापुरात शिकले ते कसे?"

"कसे म्हणजे? वार लावून. सोमवारी जोश्यांकडं, मंगळवारी तेल्याच्या आळीत, बुधवारी..." त्यांचा घास हातातच राहिला. "तुझ्या डोक्यात काय शिजतंय?"

"वार! म्वालिमूंना आणि नेसीला वार लावायचे. रोज एका घरी जेवण. गावाकडं पैसा नाही, पण मका आहे, चवळी आहे, तळ्यात मासा आहे. दोन माणसं गावाला जड का?"

"ती माणसं मानी आहेत बघ."

"मामंजी मानी नव्हते?"

हे हसले. "जा मग. तुला थांबवून कुणाचं भलं झालंय?"

मी गेले ती थेट बीबी म्वानाइदीकडं. बीबी म्हणजे आजी. गावात तिच्या शब्दावर कोंबडासुद्धा आरवायचा थांबेल अशी बाई. तिला मी आवडायचे, त्याला कारण माझी एक जुनी फजिती.

नवीनच गेले होते तेव्हा. शेताच्या वाटेवर बायका एकमेकींना भेटल्या की म्हणायच्या, "पोले ना काझी." रोज. येता-जाता. मला भाषा येत नव्हती, पण कान मराठी. मी ऐकलं, 'पोळी ना, काझी.' गावात मशीद होती. मी ताडलं, मशिदीतल्या काझीसाहेबांना पोळीची इच्छा झालीय आणि बायका एकमेकींवर ढकलतायत. म्हटलं, एवढंच ना! मी पुरण घातलं, तुपात भिजवलेल्या पोळ्यांची चवड केली, आणि डोक्यावरून पदर घेऊन मशिदीच्या दारात ठेवून आले. मशिदीतले म्हातारबाबा थक्क. त्यांनी खाल्ल्या, आशीर्वाद दिला आणि शहाळं पाठवलं. मग कळलं, पोले म्हणजे 'कष्ट झाले गं तुला', आणि काझी म्हणजे काम. काम करून दमलेल्याला म्हणायचं ते. काझी कुणीच नव्हता. गाव महिनाभर हसलं. पण पोळी गावाच्या जिभेवर बसली ती बसलीच. त्यांच्यात तशीही चपाती सणासुदीची.

तर बीबी ओट्यावर चवळी सोलत होती. मी माझ्या मोडक्या स्वाहिलीत सगळं सांगितलं. वार, घरं, ताटं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे पाहुणे म्हणून जेवायला बोलवायचं?"

"पाहुणे म्हणूनच! आमच्यात पाहुणा म्हणजे देव."

"हं." तिनं एक शेंग फोडली. "दोन दिवस ठीक आहे."

"दोन का? सगळे वार लावू की!"

बीबी माझ्याकडं बघून हसली, लहान पोराकडं बघून हसतात तशी. "लाव तू. तिसरा दिवस माझा."

मी आनंदानं तिचे हातच धरले. मला वाटलं, आजीला अवघड वार हवाय, शनिवारचा, बसच्या आदल्या दिवसाचा. केवढं मन!

---

म्वालिमूंनी आधी नाहीच म्हटलं. मग म्हणाले, "निरोपाचं जेवण म्हणता का? मग येतो. निरोपाला नाही म्हणायचं नसतं."

गुरुवार माझा. पहाटे उठून डाळ शिजत घातली. पुरण वाटताना आपसूक ओवी तोंडात आली. माझी आजी जात्यावर गायची, तिचा गळा माझ्यात उतरलेला. शब्द मी माझे जोडते.

*पाहुणा गं आला दारी, पाट देते चंदनाचा,*
*त्याच्या हाताला न लागो, डाग माझ्या गं कामाचा.*

चंदनाचा पाट कुठला, साखरेच्या पोत्याचं बसकर टाकलं. पण दोघं जेवली! नीमानं पहिली पोळी खाल्ली आणि डोळे मिटले. म्वालिमूंनी दुसरी उचलली.

"ही ती काझीची पोळी का?"

"तीच."

"काझी भाग्यवान. नसूनही जेवला."

हे ठसका लागेपर्यंत हसले. जेवून नीमा भांडी उचलायला गेली, तर मी तिच्या हातातून ताट ओढूनच घेतलं. "छे छे, पाहुण्यानं हात नाही लावायचा!" ती क्षणभर तशीच उभी राहिली, रिकामे हात पुढं धरून. मग पाठीमागं घेतले.

शुक्रवारी सलमाकडं मासे. तळ्यावरून गरम ताटाचा वास शाळेपर्यंत आला. बाया आता एकमेकींत पैज लावायला लागल्या. कोण म्हणे मी शेंगदाण्याची पातळ भाजी करते, कोण म्हणे माझ्याकडं कोंबडा आहे, त्याचे दिवस भरलेत. रविवारची बस कुणाच्या तोंडी नव्हती. मी मनात म्हटलं, जिंकले. पोटातनं गेलेली वाट परत फिरत नाही.

शनिवारी दुपारी आम्ही सगळी बीबीच्या अंगणात. अर्धं गाव कुंपणाशी. म्वालिमूंनी हात धुतले, नीमानं धुतले. चुलीवरून भात उतरवलेला, नारळाच्या दुधाचा वास. दोघं चटईवर बसणार, तेवढ्यात बीबी घरात गेली आणि बाहेर आली, ती हातात जेंबे घेऊन. जेंबे म्हणजे आपलं खोरं, पातं तेवढं जरा अरुंद. दांडा नवा होता, सोलून तेल लावलेला. तिनं ते आडवं धरलं आणि म्वालिमूंच्या पुढं केलं.

म्वालिमूंनी दोन्ही हात पुढं केले. त्यांचे हात थरथरत होते.

जेवायला बोलावलं आणि ताटाआधी खोरं? आधी माझं शेत खण, मग घास? इतक्या लोकांत? गुरुजींना?

"बीबी!" मी ओरडले, आणि पुढं होऊन ते खोरं म्वालिमूंच्या ओंजळीतून हिसकावून घेतलं.

कोंबड्याचा पायसुद्धा उचललेला तसाच राहिला.

"पाहुणा आहे तो," मी म्हटलं. "त्याला काम लावू नका."

म्वालिमू माझ्याकडं बघत होते. राग नव्हता त्या डोळ्यांत. दिवा फुंकल्यावर वातीकडं बघतो तसं काहीतरी होतं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. "बरोबर आहे, मामा वेणू," ते हळू म्हणाले. "पाहुणाच आहे मी."

ते उठले. नीमा उठली. कुणी हात लावला नाही, तो भात तसाच. दोघं कुंपणाबाहेर गेली.

मी खोरं धरून उभी. बायका खाली बघत होत्या. वेणूनं माझ्या कमरेला हळूच टोचलं, "आई, तू काय केलंस?"

"काय केलं मी?"

बीबी ओट्यावर बसली. ती चिडली होती, पण तिचा आवाज चढत नसे, उतरत जाई.

"आमच्यात एक म्हण आहे. म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे. तुझ्या भाषेत सांग बघू."

मी शब्द जुळवले. "पाहुणा... दोन दिवस. तिसऱ्या दिवशी... त्याला खोरं द्या."

"का द्या?"

"कारण... तो फुकट खातो म्हणून?"

"कंजूष माणसं असाच अर्थ लावतात." तिनं ओट्यावर माझ्यासाठी जागा केली. "माझ्या आईनं वेगळा सांगितला. खोरं कुणाच्या हातात देतात? ज्याची जमीन त्याच्या. तिसऱ्या दिवशी खोरं दिलं, म्हणजे सांगितलं, आता तू पाहुणा नाहीस. तुझ्या वाट्याला तुकडा आहे, तुझ्या कणसाला राखण आहे, मेलास तर आम्ही पुरणार आहोत. हा झकारिया इतकी वर्षं गावात आहे. त्याला कुणी खोरं दिलं नाही. का, तर तो पगाराचा माणूस! आणि पगार आम्ही दिला नाही. म्हणजे ना पगार, ना खोरं. बुधवारी तू आलीस, जेवणाचं बोललीस, तेव्हा मला लाज वाटली. मी गावाची बैठक घेतली. ओढ्याकाठचा शाळेमागचा तुकडा दोघांच्या नावाचा ठरवला. ज्याच्या घरी वर्गणी नाही, त्यानं हंगामाला एक दिवस तिथं राबायचं. मका त्यांचा, चवळी त्यांची, उरलं ते बाजारात त्यांचंच. हे सांगायलाच आज सगळे आलेले. आणि तू..."

तिनं माझ्या हातातल्या खोऱ्याकडं बोट केलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. "बीबी! एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, ह्याला आमच्यात इर्जिक म्हणतात! माझ्या वडलांच्या शेतात व्हायची! मी कुठं वार लावत बसले, पाहिजे होती इर्जिक!"

"ओरडू नकोस. उपाय बोल."

"मी आत्ता जाते. हेच खोरं त्यांच्या हातात देते. पायाही पडते."

बायकांत कुजबुज झाली. बीबीनं मान हलवली. "ज्या हातानं काढलं त्याच हातानं द्यावं लागेल, ते खरं. पण तू देऊ शकत नाहीस."

"का?"

"खोरं घरच्यानं द्यायचं असतं. तू कोण?"

त्या गावात माझं सगळं बरं चाललं होतं. पोळ्या वाटत होते, जुनी फ्रॉकं देत होते, आजाऱ्याला पेज नेत होते. आणि प्रत्येक दारात मला एकच शब्द मिळत होता, करिबू. या, बसा. मी कधी कुणाच्या दारात कामाला उभीच राहिले नव्हते. नेहमी बसलेलीच.

"चार पावसाळे झाले तुला," बीबी म्हणाली, "आणि पाहुण्यानं पाहुण्याला खोरं कसं द्यायचं?"

---

रविवारी उजाडताच बीबी माझ्या दारात आली. तेच खोरं. आडवं धरलेलं.

मी दोन्ही हात पुढं केले. लाकूड हाताला थंड लागलं. आणि मला कळलं, काल म्वालिमूंचे हात का थरथरत होते.

हे मागं उभे होते. "अगं, माहेरी खोरं धरलंयस का कधी?"

"भाकरी घेऊन बांधावर जायचे."

"मग आज बांधाच्या आत जा." मग बीबीला त्यांनी हातवारे करून सांगितलं, कारखान्याची मळी खताला असते, ट्रॉलीभर आणून टाकतो त्या तुकड्यावर. बीबीनं त्यांच्याकडं कौतुकानं बघितलं. "हा कधीचा घरचा आहे," ती म्हणाली. मला जरा रागच आला.

ओढ्याकाठचा तुकडा रस्त्याला लागूनच होता. बस तिथंच थांबायची. मी साडीचा काचा मारला आणि पहिला घाव घातला. माती दगडासारखी. दुसरा घाव माझ्याच अंगठ्याजवळ. तिसरा गवतात. आजूबाजूला बायका, पुरुष, पोरं येऊन उभी राहिली होती, प्रत्येकाच्या खांद्यावर आपापलं खोरं, पण कुणी आत उतरेना. बीबीनं सांगून ठेवलं होतं, पहिली ओळ मामा वेणूची एकटीची. तळहात जळायला लागले. घाम डोळ्यांत. पण छातीत काय ते उधाण! मी रडत होते की हसत होते मला सांगता येणार नाही. श्वास जुळवायला म्हणून ओवी धरली.

*उंबराच्या झाडाखाली, कोण नवं कोण जुनं,*
*ज्याची चोच त्याचं फळ, नाही कुणीच पाहुणं.*

कडेच्या बायकांना शब्द कळले नाहीत. पण घावाचा ताल कळला. सलमानं त्या तालावर हुंकार दिला. मग दुसरीनं. मग सगळ्या बायका माझ्या प्रत्येक घावाला 'हे!' म्हणायला लागल्या.

तेवढ्यात बसचा भोंगा.

लाल धुळीतून बस आली. म्वालिमू आणि नीमा रस्त्याच्या कडेला उभी होती. पेटी दोघांच्या मधे. क्लीनरनं ती उचलली, टपावर टाकली. म्वालिमूंनी पायरीवर पाय ठेवला. मी खणतच होते. हाक मारायची नव्हती मला. हाक पाहुणे मारतात.

पाय पायरीवरच राहिला.

"मामा वेणू!" म्वालिमूंचा आवाज आला. "ही ओळ आहे की अजगर?"

"मला अशीच येते!"

"मका लाजेल इथं उगवायला! दांडा खाली धरा. खाली! अहो, कंबर वाकवा, जमीन वर येणार नाही तुमच्यासाठी!"

"इथून दाखवा ना मग! लांबून शाळा कसली घेताय?"

गाव हसलं. ते पायरीवरून उतरले. बांधापर्यंत आले आणि थांबले. बांध म्हणजे केवढा, वीतभर. पण तो त्यांनी ओलांडला नाही. माझ्याकडं बघितलं. मी मातीनं भरलेली, केस सुटलेले, पदराची दोरी झालेली.

मी खोरं आडवं धरलं, दोन्ही हातांवर.

"बीबीनं सकाळी मला दिलं," मी म्हटलं. "म्हणून आता मला देता येतं. तुकडा तुमचा आणि नीमाचा. गाव राबणार आहे. पगार जेव्हा येईल तेव्हा येईल, कणीस तुमचं आहे. काल मी चुकीच्या भाषेत माया केली, म्वालिमू."

शर्टाचं वरचं बटण त्यांनी काढलं. त्या माणसाचा गळा मी पहिल्यांदा बघितला. मग त्यांनी बांध ओलांडला, खोरं घेतलं, आणि माझ्या अजगराशेजारी अशी एक सरळ ओळ ओढली, की फळ्यावर पट्टीनं ओढावी.

मग काय विचारता! सगळी माणसं एकदम आत. खोरी वर, खोरी खाली. धूळ, हुंकार, आरोळ्या. सलमा आपलं खोरं घेऊन रस्त्यावर धावली आणि नीमाच्या हातात कोंबून तिला ओढतच आणली.

भोंगा वाजला. "ए, येताय की नाही?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"नाही!" नीमा शेतातून ओरडली.

"नाही!" अख्खं गाव ओरडलं.

बस निघाली. आणि मग वेणू किंचाळली, "पेटी! पेटी टपावरच आहे!"

काय ती धावाधाव! म्वालिमू पुढं, खोरं हातात तसंच. मागं मी, मागं नीमा, मागं पोरांचं लेंढार. "थांब! थांब!" ड्रायव्हरनं आरशात बघितलं असणार, की गाव खोरी घेऊन मागं लागलंय, कारण त्यानं आधी वेग वाढवला आणि मगच भीतीनं ब्रेक मारला. पेटी खाली आली. क्लीनर विचारत होता, तुम्हा लोकांचं ठरलंय काय नक्की? बीबी बांधावरूनच म्हणाली, "आमचं ठरलं. तुझं बघ."

मी रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसले. तळहातांवर फोड आले होते, दोन फुटलेही होते. नीमा माझ्यापुढं उकिडवी बसली. माझे हात उलटे करून तिनं बघितले. मग पेटीची दोरी सोडायला लागली. स्वतःच आवळलेली गाठ तिला सुटेना, म्हणून दातांनी सोडवली. झाकण उघडलं. वर कपडे, कपड्यांखाली औषधाची बाटली आणि पट्ट्या. शहरात न्यायच्या त्या. रस्त्यावरच तिनं कपडे उपसले, ते वेणूच्या हातात दिले, आणि औषध लावायला घेतलं. झोंबलं. मी ओठ चावला.

शेतातून पाणी प्यायला आलेल्या बायका आमच्याभोवती थांबल्या. मी वर बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, करिबू. सावलीत या, बसा.

सलमानं माझ्या हातांकडं बघितलं, मग माझ्या वाकड्या ओळीकडं.

"पोले ना काझी, मामा वेणू," ती म्हणाली.

"पोले ना काझी," दुसरी म्हणाली.

नीमानं पट्टीची शेवटची गाठ मारली आणि माझा हात तसाच आपल्या हातात ठेवला. "पोले ना काझी," ती म्हणाली.

आणि ह्या खेपेला मला ते अगदी बरोबर ऐकू आलं.